रिकाम्या पलंगांचं भाडं कोण भरतं?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २० वर्षांची, मूळची नाशिकची. सध्या अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्याच वर्षी ती तिथल्या एका जुन्या सोरोरिटीची सभासद झाली. सोरोरिटी ही विद्यार्थिनींची संघटना. विद्यापीठागणिक तिची एक शाखा असते, तिला चॅप्टर म्हणतात, आणि बऱ्याच चॅप्टरांचं एक घर असतं, जिथे मुली राहतात-जेवतात. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ती चॅप्टरची खजिनदार झाली आणि जानेवारीत हिशेब हातात आले. आठ वर्षांपूर्वी १३८ सभासद होत्या, आज ९१ आहेत. घरात ४२ पलंग, भरलेले ३३. दोन वर्षांपूर्वी गंगाजळीत ८४ हजार डॉलर होते, आता ११ हजार उरलेत. आधीच्या दोन्ही खजिनदार मुलींनी वर्षाची तूट तिथून भरली आणि सभेत कुणाला सांगितलं नाही. १९ मुलींकडे मिळून २६ हजारांची थकबाकी आहे. त्यातले २,४०० पत्रलेखिकेच्या ‘बिग’कडे आहेत, म्हणजे चॅप्टरमध्ये जिनं हिला धाकटी बहीण मानलं, तिच्याकडे. त्या ‘बिग’च्या वडिलांची नोकरी गेली आहे, हे फक्त हिला माहीत आहे. घराची मालकी असलेलं हाउस कॉर्पोरेशन म्हणतं, बॉयलर बदलायचाय, ऑगस्टपासून भाडं वाढेल. नॅशनल ऑफिस, म्हणजे सगळ्या चॅप्टरांची मुख्य कचेरी, म्हणतं, ९० दिवसांवरची थकबाकी वसुली एजन्सीकडे द्या. मुली म्हणतात, फॉर्मल डान्स आणि टी-शर्ट रद्द करा. आई फोनवर म्हणते, “लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेलीस का तिकडे? सोडून दे.” प्रश्न तीन: ड्यूज, म्हणजे सभासदांची वर्गणी, वाढवायचे का, मैत्रिणीला कसं सांभाळायचं, आणि राजीनामा द्यावा का?

मैत्रिणी,

फॉर्मल रद्द करू नका. निदान पैसे वाचतील म्हणून तरी नको. तू पत्रासोबत जोडलेल्या तक्त्यात फॉर्मल, टी-शर्ट आणि नव्या सभासदांच्या भरतीच्या आठवड्यातली सजावट मिळून १४ हजार डॉलर होतात. त्याच तक्त्याच्या खालच्या ओळी बघ. घरात राहणारी मुलगी वर्षाला ८ हजार भरते. नऊ पलंग रिकामे, म्हणजे ७२ हजार आलेच नाहीत. नऊजणींच्या जेवणाचे प्रत्येकी दोनेक हजार वाचले असं धरू, म्हणजे १८ हजार. उरली ५४ हजारांची तूट. कॉर्पोरेशनचं भाडं ठरलेलं, स्वयंपाक्याचा पगार ठरलेला, घराची व्यवस्था बघणाऱ्या हाउस डिरेक्टरचा ठरलेला, विमा ठरलेला. मुली तेहेतीस असोत की बेचाळीस, थंडीत बॉयलर तेवढाच जळतो. पण सभेत तासभर चर्चा टी-शर्टवर होते, कारण टी-शर्ट सगळ्यांच्या अंगावर दिसतो. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या पलंगाकडे बघायला कोण जातंय!

म्हणून ड्यूज वाढवायचे का, या तुझ्या प्रश्नाआधी तूट नेमकी कशाची आहे ते बघावं लागेल. तू लिहितेस, “माझ्या वर्षात हे सगळं ताळ्यावर आणायचंय.” या एका वाक्यात दोन गृहीतकं आहेत आणि मला दोन्ही तपासून बघावीशी वाटतात. एक, हा बिघाड मागच्या दोघींनी केला. दोन, तो एका वर्षात निस्तरता येईल.

मागच्या दोघींनी सभेला अंधारात ठेवलं, ते चुकलंच. त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही. पण ८४ हजारांचे ११ हजार त्यांच्या उधळेपणामुळे झाले असं तुझे आकडे म्हणत नाहीत. सभासद आठ वर्षांत १३८ वरून ९१ वर आल्या. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे अमेरिकेतली विद्यापीठं रिकामी झाली, मुली घरी गेल्या, राहण्याजेवणाच्या परताव्याचे प्रश्न उभे राहिले. त्या वर्षीच्या शरद सत्रात अनेक ठिकाणी भरती ऑनलाइन झाली. एक बॅच लहान आली की ती चार वर्षं लहानच राहते: दुसऱ्या वर्षी घरात राहायला येणाऱ्या कमी, तिसऱ्या वर्षी पदाधिकारी कमी, पुढच्या भरतीला दारात उभ्या राहणाऱ्याही कमी. त्यात कॅम्पसजवळ खासगी अपार्टमेंट उभी राहिली, स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र बाथरूमवाली. तुमच्या घरात एका खोलीत चौघी, हे तूच लिहिलं आहेस. मागच्या खजिनदारांच्या हातात या उतरणीतला एकेका वर्षाचा तुकडा आला. जसा आता तुझ्या हातात आला आहे, तसाच.

चॅप्टरच्या पैशांची खरी गोम इथे आहे. खजिनदार वर्षाची, सभासद चार वर्षांची, बॉयलर वीस-पंचवीस वर्षांचा आणि घर शंभर वर्षांचं. प्रत्येक मुलगी आपल्या मुदतीपुरता विचार करते, त्यात तिचा दोष नाही. पण वीस वर्षांचा खर्च मग ज्या वर्षी नळ फुटेल त्या वर्षीच्या मुलींच्या माथी येतो. तुझे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत असं लिहिलं आहेस, तर त्यांना सिंकिंग फंडाबद्दल, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी दरवर्षी बाजूला टाकायच्या निधीबद्दल, विचार. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, जमिनीची किंमत वगळून बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात टाकायची तरतूद आहे. दुरुस्ती-देखभालीचा निधी वेगळा, ०.७५ टक्के. सभासद कुरकुरतात, पण लिफ्ट बदलायची वेळ येते तेव्हा त्या वर्षीच्या सभासदांवर सगळं येत नाही. तुमच्या घरासाठी असं काही बाजूला टाकलं जात होतं का? टाकलं जात असेल तर कुणाकडे, चॅप्टरकडे की कॉर्पोरेशनकडे? मला तुझ्या तक्त्यात ती ओळ सापडली नाही.

थोडं मागे जाऊ, कारण या घराचं ओझं आलं कुठून ते कळलं की बोलणं सोपं जातं. मुलींची पहिली अशी गुप्त संघटना १८५१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावच्या वेस्लियन फीमेल कॉलेजात निघाली. पुढे तिचं नाव अल्फा डेल्टा पाय झालं. इलिनॉयमधल्या मॉनमथला १८६७ मध्ये पुढे पाय बीटा फाय झालेली संघटना आणि १८७० मध्ये कप्पा कप्पा गॅमा निघाली. या मुलींकडे घरबीर काही नव्हतं. वर्गणी, सभासदत्वाची एक पिन, कुणाच्या तरी दिवाणखान्यात सभा. जमाखर्च एका वहीत मावत असे. अल्फा फायच्या मुलींनी १८८६ मध्ये सिरॅक्यूजला घर बांधलं, ते स्त्रियांच्या अशा संघटनेनं स्वतः बांधलेलं पहिलं घर मानतात. तेव्हा त्यात मोठं शहाणपण होतं. विद्यापीठं मुलींना प्रवेश देत होती, पण त्यांच्या राहण्याची सोय अपुरी होती. पुढे १९२० च्या दशकात ठिकठिकाणी कर्ज काढून मोठी घरं झाली आणि लगेच १९२९ नंतरची मंदी आली. हप्ते चालू, मुली गळालेल्या. म्हणजे घराचं ओझं आणि घटणारी संख्या यांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नाही. तुमच्या घराच्या तळघरात जुन्या वह्या असतील तर त्या वर्षांच्या जरूर काढून बघ. मला स्वतःला त्या वाचायला फार आवडेल.

आता कॉर्पोरेशन. तू पत्रात दोनदा “आमचं घर” म्हणतेस, पण कागदोपत्री ते तुमचं नाही. बहुतेक ठिकाणी घराची मालकी माजी विद्यार्थिनींच्या वेगळ्या संस्थेकडे असते आणि चॅप्टर तिची भाडेकरू असते. त्या बायका विनामोबदला काम करतात, बहुधा जीव लावून करतात. पण त्यांचं पहिलं कर्तव्य वास्तूशी आहे, तुझं मुलींशी. दोन्ही बाजूंनी एकमेकींना “सिस्टर” म्हणत भाडेकरार सहीला आला की कुणी तो वाचत नाही. तू वाच. भाडं पलंगामागे आहे की ठोक? दुरुस्ती कोणती तुमची आणि कोणती मालकाची? भाडेवाढीला किती महिन्यांची आगाऊ सूचना लागते? बॉयलर ही बहुतेक भाडेकरारांत मालकाच्या जबाबदारीत मोडणारी गोष्ट आहे. मालकानं तो खर्च भाड्यातून वसूल करणं चूक नाही, पण वीस वर्षांचा बॉयलर दोन वर्षांत वसूल करायचा की पंधरा, यावर बोलता येतं. कॉर्पोरेशन कर्ज काढू शकतं. ९१ मुलींचं चॅप्टर काढू शकत नाही.

बोलायला जाण्याआधी एक काम कर, त्याला पैसे लागत नाहीत. सोरोरिटीचं चॅप्टर अमेरिकेच्या करकायद्यात साधारणपणे ५०१(सी)(७) या कलमाखाली, ‘सोशल क्लब’ म्हणून येतं. हाउस कॉर्पोरेशनही बहुधा अशाच एखाद्या करमुक्त कलमाखाली असतं. अशा संस्थांना दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो सगळ्यांना बघायला खुला असतो. आयआरएसच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकून शोधता येतं. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर बऱ्याच वर्षांचे फॉर्म एका जागी मिळतात. कॉर्पोरेशनचे दहा वर्षांचे फॉर्म उतरवून घे आणि चारच आकडे एका कागदावर मांड: भाड्याचं उत्पन्न, दुरुस्तीचा खर्च, कर्ज, शिल्लक. त्यांच्याकडे गंगाजळी असेल तर बोलणं एका प्रकारचं होईल. त्याही खडखडाटात असतील तर अगदी वेगळं होईल, आणि मग त्या वाईट वागतायत हा तुझा राग जरा निवेल.

त्यासोबतच तुमचा स्वतःचा ९९० कोण भरतं तेही विचार. काही ठिकाणी नॅशनल ऑफिस सगळ्या चॅप्टरांचा एकत्र भरतं, काही ठिकाणी ज्यानं त्यानं भरायचा असतो. उलाढाल ५० हजार डॉलरांच्या आत असलेल्या लहान चॅप्टरांना ९९०-एन ही आठ-दहा रकान्यांची ई-पोस्टकार्ड पुरते. तुमची साडेतीन लाखांच्या वर जाते, तुम्हाला पूर्ण फॉर्म लागतो. आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असेल तर मुदत १५ नोव्हेंबर, म्हणजे नेमकी पुढच्या निवडणुकीच्या धामधुमीतली. ओळीनं तीन वर्षं फॉर्म भरला नाही तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. त्यासाठी कुणी दार ठोठावायला येत नाही.

आता ड्यूज. ५४ हजार भागिले ९१, म्हणजे डोईला साधारण ६०० डॉलर. आजचे ड्यूज वर्षाला १,१००. एकदम १,७०० केले आणि बाराजणी सोडून गेल्या तर काय होतं ते बघू. ७९ मुलींचे ६०० म्हणजे ४७,४००. शिवाय गेलेल्या बाराजणींचे जुने १,१०० प्रमाणे १३,२०० बुडाले. म्हणजे वीसेक हजारांचं भगदाड राहतं, त्यातले नॅशनलला जाणारे डोईपट्टीचे थोडे पैसे वाचतील एवढंच, आणि पुढच्या वर्षी ते आणखी कमी मुलींत वाटायचं. त्यात पहिल्यांदा कोण जातं? ज्यांना पैशाची ओढाताण आहे त्या. मग चॅप्टरमध्ये उरतात त्या फक्त ज्यांच्या आईवडिलांना १,७०० जाणवत नाहीत त्या. याला कुणी मतदान करत नाही, आपोआप होतं.

उलटं करून बघ. घराचं बिल ८ हजारांवरून ७,४०० केलं तर? सहा पलंग भरले तर ३९ मुलींचे २,८८,६०० येतात. आज ३३ मुलींचे २,६४,००० येतात. सहाजणींच्या जेवणाचे १२ हजार वजा केले तरी १२,६०० हाती राहतात. पण तीनच भरले तर उलट साडेतीन हजारांचा तोटा. म्हणजे निदान चारजणी यायला हव्यात. हे सभेत अंदाजानं बोलू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एकेकीला गाठून विचार: किती भाड्यात राहशील, आणि एका खोलीत चौघींऐवजी तिघी असतील तर राहशील का? मला वाटतं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा जास्त कामाचं निघेल.

तू सुचवलेली पेइंग गेस्टची कल्पना, म्हणजे रिकामे पलंग चॅप्टरबाहेरच्या विद्यार्थिनींना द्यायचे, वाईट नाही. पण तिला कुंपण आहे. ५०१(सी)(७) संस्थेला सभासदांबाहेरून येणारं उत्पन्न, गुंतवणुकीवरचं धरून, एकूण उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंतच चालतं. त्यातही बाहेरच्यांनी जागा वापरल्याचं १५ टक्क्यांच्या आत. तीन पलंग दिले तर तुम्ही आरामात आत राहाल. नऊच्या नऊ दिले तर माझ्या हिशेबानं साडेसोळा टक्क्यांवर जाता. शिवाय त्या उत्पन्नावर कर लागू शकतो. भाडेकरारात पोटभाडेकरूला मनाई आहे का आणि विमा कंपनीचं म्हणणं काय, हेही बघावं लागेल. नॅशनलच्या हिशेब तपासणीसाला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे.

तर कागदावर असं दिसतं: बिल कमी करून १२,६००, उरलेले तीन पलंग बाहेरच्या मुलींना जुन्या दरानं देऊन जेवणाचा खर्च वजा जाता १८ हजार, ड्यूज फक्त १०० नं वाढवून ९ हजार. झाले सुमारे चाळीस हजार. राहिले चौदा-पंधरा. ते घरमालकिणींशी बोलायचे, दोन वर्षं भाडं पलंगामागे घ्या म्हणून. यातलं एखादं फसेल, हे धरून चाल. पण यात एका वर्षाच्या मुलींच्या पाठीत सगळं घातलेलं नाही.

माजी विद्यार्थिनींकडून देणगी मागावी का, असं एका ओळीत विचारलं आहेस. मागा, पण थेट चॅप्टरला दिलेल्या देणगीवर देणारीला करसवलत मिळत नाही, हे आधी सांगा. सवलत मिळते ती ५०१(सी)(३) या धर्मादाय संस्थांच्या कलमाखालच्या फाउंडेशनला दिल्यावर, आणि फाउंडेशनचा पैसा शिष्यवृत्ती, अभ्यासिका अशा शैक्षणिक कामालाच लागतो. त्यातून फॉर्मल होत नाही आणि सगळं छप्परही होत नाही.

घर सोडूनच दिलं तर, हा विचारही एकदा कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवा. तो निर्णय तुझा नाही, पण विषय निघायला हरकत नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये निघालेली अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी. तिची आणि तिच्या परंपरेतल्या संघटनांची ताकद अशा घरांवर उभी नाही. पदवीनंतरच्या चॅप्टरांत बायका पुढे अनेक वर्षं वर्गणी भरून कामं करतात, तिथे आहे. १९९८ या एकाच वर्षात दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सोरोरिटी निघाल्या: ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा रो. मोठाली जुनी घरं नाहीत म्हणून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही. तुमच्या मुलींना घराशिवाय चॅप्टर हवं आहे की नाही, ते त्यांनी ठरवावं. मात्र घर ठेवायचं तर त्याची किंमत त्यांना माहीत असावी.

आता तुझ्या मैत्रिणीचं. मला वाटतं तुझ्या पत्रातला सगळ्यांत अवघड भाग हाच आहे, आणि तू तो सगळ्यांत कमी ओळींत लिहिलास. तिचं नाव यादीतून “चुकून” राहिलं तर कुणाला कळणार नाही, असं एक वाक्य तू अर्धवट सोडलं आहेस. ते पुरं करू नकोस. मागच्या दोघींनीही कुणाला कळणार नाही म्हणूनच केलं होतं. तिचं नाव यादीत राहू दे आणि तिच्या प्रकरणाचा निर्णय स्वतः घेऊ नकोस. फायनान्स कमिटीला आणि अॅडव्हायझरला लेखी कळव की या नावाशी माझी जवळीक आहे, मी यात मत देणार नाही. कारण सांगायची गरज नाही. वडिलांच्या नोकरीची गोष्ट तिची आहे, ती कुणाला सांगायची ते तिनं ठरवावं.

पण वसुलीची नोटीस निघायच्या आत तिला भेट. चॅट नको, समोरासमोर. तिला तीन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. वसुली एजन्सीकडे नाव गेलं तर तिच्या क्रेडिटवर डाग येऊ शकतो आणि पुढे घर भाड्यानं घेताना तो आडवा येतो. सभासदत्व सोडलं तरी आधी सही केलेल्या कराराचे पैसे सुटत नाहीत. आणि बऱ्याच नॅशनल संघटनांकडे अडचणीतल्या सभासदांसाठी मदतनिधी असतो. कप्पा कप्पा गॅमाचा रोझ मॅगिल फंड तर १९२२ पासून आहे. तुमच्याकडे काय आहे ते शोधून दे, अर्ज तिला करू दे. दुसरीकडे नॅशनलला विचार की लेखी हप्ते ठरले आणि पाळले तर एजन्सीकडे नाव जाणं थांबतं का. बहुतेक थांबतं, कारण एजन्सी वसुलीतून आपला वाटा कापून घेते आणि नॅशनललाही ते फारसं परवडत नाही. हीच हप्त्यांची सोय एकोणीसही जणींना एकाच दिवशी, एकाच मजकुराच्या ईमेलनं दे. मग तिच्यासाठी वेगळं काही करावं लागणार नाही आणि तुलाही रात्री झोप लागेल.

जाता जाता: कुणाचेही ड्यूज स्वतःच्या व्हेन्मो खात्यावर (फोनवरून पैसे पाठवायचं अॅप) घेऊ नकोस. “उद्या भरते, तोवर तुझ्याकडे ठेव” असं म्हणणाऱ्या भेटतील. आणि बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला तुझ्याशिवाय आणखी एका मोठ्या माणसाच्या डोळ्याखालून जायला हवं. हे तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, उद्या कुणी बोट दाखवलं तर तुझ्याच उपयोगी पडेल.

हे सदर वाचणाऱ्या आईबाबांसाठी इथे दोन शब्द. मुलगी अमेरिकेत शिकते आहे आणि “रश”ला, म्हणजे सोरोरिटीच्या भरतीला, जाते म्हणते, तेव्हा काळजी पार्ट्यांची असते, हे ठाऊक आहे. पण सहीआधी विचारायचे प्रश्न पैशांचे आहेत. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च किती, नुसते ड्यूज नव्हेत तर प्रवेश फी, पिन, विमा धरून? पुढे एक वर्ष घरात राहण्याची सक्ती आहे का? घरात न राहणाऱ्या मुलीला घर वापरण्याची पार्लर फी किती? सभेला न गेल्याचा दंड असतो का? मध्येच सोडलं तर काय परत मिळतं? नीट चालणारं चॅप्टर याची उत्तरं कागदावर देतं. उत्तर देताना समोरची मुलगी हसून विषय बदलायला लागली तर सही एक आठवडा पुढे ढकलावी.

राहिला राजीनामा. तुझ्या आईंचं मला पटतं, अर्धं. परक्या देशात, शिकायला गेलेल्या पोरीनं साडेतीन लाख डॉलरांचा कारभार फुकट सांभाळायचा, याला लष्कराच्या भाकऱ्याच म्हणतात. तुमच्या नियमांत खजिनदाराला निम्मे ड्यूज माफ असतात असं तू लिहिलं आहेस. ती माफी घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचार. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस आणि कामाचा मोबदला, मग तो रोख नसला तरी, त्या व्हिसाच्या अटींत कुठे बसतो हे त्यांच्याकडूनच ऐकलेलं बरं. तिथून स्पष्ट होकार मिळेपर्यंत पूर्ण ड्यूज भर.

सोडायचंच असेल तर आत्ता सोडू नकोस, एक सभा घेऊन सोड. त्या सभेत आठ वर्षांचे आकडे एका पानावर ठेव: सभासद, भरलेले पलंग, भाडं, गंगाजळी. कुणाचं नाव घेऊ नकोस. आधीच्या दोघींपैकी एक अजून शेवटच्या वर्षाला आहे, ती तिथे बसलेली असेल. तिला आदल्या दिवशी ते पान दाखव आणि काही सांगायचं आहे का विचार. मग प्रश्न मताला टाक, पण “ड्यूज वाढवायचे का, हो की नाही” असा नको. तीन पर्याय, प्रत्येकापुढे डोईला पडणारी रक्कम. त्यानंतरही वाटलं की अभ्यास बुडतोय, तर मे महिन्यात सत्र संपताना पद सोड. हिशेब तोवर दुसऱ्या कुणाला वाचता येईल अशा स्थितीत असेल, आणि तुला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

कॉर्पोरेशनशी बोलणं झालं की कळव. भाडेकराराची प्रत पाठवता आली, नावं काळी करून, तर दुरुस्तीचं कलम मी वाचून बघेन.